‘साहेब, रेस वाढवून देऊ का?’

साकीनाक्याला सिग्नल लागतो. तुम्ही गाडी न्यूट्रलला आणता, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढता आणि गाडीला हुडहुडी भरते. आरसा थरथरतो, डॅशबोर्डवरचा गणपती मान डोलवायला लागतो, स्टिअरिंगवरच्या हाताला मुंग्या येतात. एसी चालू असेल तर इंजिनाचा आवाज आणखी खाली बसतो आणि सिग्नल हिरवा होता होता गाडी बंद पडते. मागच्या रिक्षावाल्याला तेवढंच निमित्त हवं असतं.

मग तुम्ही कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाता. मेकॅनिक बॉनेट उघडतो, दोनदा रेस देतो, कान देऊन ऐकतो आणि विचारतो, ‘साहेब, रेस वाढवून देऊ का?’ एक स्क्रू अर्धा फेरा फिरतो, थरथर थांबते, तुम्ही शंभराची नोट काढून देता. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. माझ्या जुन्या मारुती 800 चा हा स्क्रू चार वेळा फिरला. शेवटी पहिल्या गिअरमध्ये नुसता क्लच सोडला तरी गाडी पळायला लागली, पेट्रोल पाण्यासारखं जाऊ लागलं, आणि एसी लावला की थरथर होतीच. दुखणं निघालं ते भलतंच. इंजिनाला जाणारा करंगळीपेक्षा बारीक असा एक रबरी पाइप सोसायटीतल्या उंदराने कुरतडला होता. पाइप बदलला, स्क्रू चार वेळा उलटा फिरवून पहिल्या जागी आणला आणि गाडी गप्प झाली.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे: आयडलिंगच्या, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन किती वेगाने फिरेल ते ठरवणाऱ्या स्क्रूला हात सगळ्यांत शेवटी लावायचा. त्याआधी काय काय बघायचं, कोणत्या क्रमाने, आणि त्यातलं घरी किती जमतं, ते इथे सांगतो. मारुती 800, झेन, सँट्रो, वॅगन आर, पहिल्या पिढीतली अल्टो, असली कुठलीही पेट्रोलची जुनी छोटी गाडी डोळ्यांसमोर धरा.

हायवेला मस्त पळणारी गाडी सिग्नललाच का रडते, हे आधी समजून घ्या. उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण 800 ते 900 फेरे घेतं. थ्रॉटलचा पडदा जवळजवळ बंद असतो, आत जाणारी हवा नि पेट्रोल अगदी बेताचं असतं. अशा वेळी फुटक्या पाइपातून चोरून शिरलेली थोडी हवासुद्धा जमाखर्च बिघडवते. तेच इंजिन 3000 फेऱ्यांवर गेलं की तेवढ्या हवेचा पत्ताही लागत नाही. म्हणून ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर दोष लपतो आणि संध्याकाळी सातला घाटकोपरहून एलबीएस मार्गाने मुलुंडकडे निघालात की बाहेर पडतो. आपल्याकडे गाडी जितका वेळ चालते जवळपास तितकाच वेळ उभी राहून धडधडते, त्यामुळे आयडलिंग हा उपनगरवासीयांचा खास आजार आहे.

पहिला प्रश्न असा की, थरथरतंय ते नक्की काय? मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थोडं डुलतं, त्याला इलाज नाही. ते डुलणं आतपर्यंत पोचू नये म्हणून इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं. वीस वर्षांत ते रबर दगडासारखं कडक होतं किंवा धातूपासून सुटतं, आणि मग निरोगी इंजिनही सगळी गाडी हलवतं. ओळखायची रीत सोपी आहे. गाडी चालू ठेवून मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. एकसारखा, सलग आवाज येत असेल, धूर एका लयीत बाहेर पडत असेल आणि तरी आत सीट थरथरत असेल, तर माउंटिंगवर संशय घ्या. मध्येच ‘फुस्’ करून ठोका चुकत असेल तर इंजिन मिसिंग मारतंय. सायलेन्सरच्या तोंडापाशी कागदाचा कपटा धरा. तो सारखा बाहेर उडत राहायला हवा. ठोका चुकला की कागद दचकतो. आणि मधूनच पाइपाकडे ओढला जात असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नसण्याची शंका घ्यायला जागा आहे.

हा प्रयोग बेसमेंटमध्ये किंवा बंद पार्किंगमध्ये करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी उघड्यावर आणा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, ओढणी किंवा सैल बाही आवरून घ्या. रेडिएटरचा विजेवरचा पंखा कधीही सुरू होतो.

आता आठवडाभर एक वही ठेवा. खरंच ठेवा, कारण ‘गाडी थरथरते’ एवढ्यावर कुठलाही मेकॅनिक अंदाजच बांधणार. सकाळी थंड इंजिनावर थरथरते की तापल्यावर? एसी लावल्यावरच? पावसात भिजल्यावर? ब्रेक दाबल्यावर? सर्व्हिसिंग करून आणल्याच्या दुसऱ्या दिवसापासून? ठोका ठरावीक अंतराने चुकतो की कसाही? ठरावीक लयीत चुकणारा ठोका बहुधा एकाच सिलिंडरचं दुखणं सांगतो. कसाही चुकणारा ठोका हवा किंवा पेट्रोलकडे बोट दाखवतो. ब्रेक पेडल दाबून धरलं की आयडलिंग बदलत असेल, तर ब्रेकच्या बूस्टरमधून हवा शिरत असू शकते. ते दुखणं आयडलिंगचं कमी आणि ब्रेकचं जास्त, तेव्हा दिवस न घालवता ब्रेक तपासून घ्या.

वहीबरोबर ग्लव्ह बॉक्समधल्या पीयूसीच्या जुन्या पावत्याही बाहेर काढा. आपण त्या पोलिसाला दाखवण्यापुरत्या जपतो, पण पीयूसीची चाचणी आयडलिंगवरच होते. म्हणजे गाडीच्या या दुखण्याचा रक्ततपासणीचा अहवाल तुमच्याकडे आयताच आहे. त्यात दोन आकडे बघायचे. कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ, टक्क्यांत. आणि हायड्रोकार्बन म्हणजे एचसी, पीपीएममध्ये. प्रदूषणाच्या भारत स्टेज 2 आणि 3 या मानकांच्या पेट्रोल गाड्यांना सीओ 0.5 टक्के आणि एचसी 750 पीपीएमपर्यंत चालतं. त्याआधीच्या गाड्यांना 3 टक्के आणि 1500 पीपीएम. मर्यादेच्या आत आहे की नाही यापेक्षा आधीच्या पावतीपेक्षा किती बदललं ते महत्त्वाचं. सीओ चढलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. सीओ जेमतेम तेवढंच पण एचसी भलतंच वाढलं असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. मग ठिणगी कमजोर आहे किंवा चोरटी हवा शिरून मिश्रण इतकं पातळ झालंय की पेट घेत नाही. अर्थात, पीयूसीवाल्याने नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घातली असेल तरच हे सगळं.

सीएनजीवाल्यांच्या हातात याहून मोठं हत्यार आहे. मुंबईत महानगर गॅसने पंपांचं जाळं विणल्यापासून उपनगरांतल्या कित्येक जुन्या गाड्यांना किट लागलं. डॅशबोर्डवरचा पेट्रोल-गॅसचा स्विच म्हणजे फुकटचा डॉक्टर. इंजिन चांगलं तापू द्या, गॅसवर पाच मिनिटं उभी गाडी ऐका, मग पेट्रोलवर टाकून पाच मिनिटं ऐका. फक्त गॅसवर थरथरत असेल तर रिड्यूसर, गॅसचा फिल्टर किंवा किटचं ट्यूनिंग. फक्त पेट्रोलवर थरथरत असेल तर कार्बोरेटर, इंजेक्टर, पंप किंवा टाकीतलं पेट्रोलच. दोन्हींवर सारखीच थरथरत असेल तर या सगळ्या गोष्टी बहुतेक सुटल्या. मुख्यतः प्लग, वायरी, हवेची गळती आणि कॉम्प्रेशन उरलं. दहा मिनिटांत अर्धं गॅरेज बाद होतं.

एक बारकावा मात्र आहे. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते. म्हणून प्लग किंवा प्लग वायर म्हातारी होऊ लागली की पहिली तक्रार गॅसवर येते, आणि किटवाला बिचारा फुकट शिव्या खातो. गॅसवर ठोका चुकतोय म्हणून किट उघडायच्या आधी प्लग बघा.

दुसरी गोष्ट आमच्या इमारतीत मी निदान तिघांना सांगितली आहे. गॅस स्वस्त म्हणून लोक पेट्रोलवर गाडी आणतच नाहीत. टाकीच्या तळाला पाच लिटर पेट्रोल महिनोन् महिने पडून राहतं. पंपावर आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जुलै-ऑगस्टमधल्या मुंबईच्या हवेला तर पाण्याची कमतरता नाहीच. असं शिळं पेट्रोल सिलिंडरात गेलं की गाडी थरथरणार नाही तर काय होईल? रोज सकाळी पहिले दोनेक किलोमीटर पेट्रोलवर चालवा आणि टाकीत थोडं पण ताजं पेट्रोल ठेवा. शिवाय जुन्या गाड्यांचे रबरी पाइप नि गॅस्केट या पेट्रोलसाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, तडकतात. पेट्रोलचा पाइप हाताला चिकट किंवा भुसभुशीत लागला तर तो आधी बदला, आयडलिंगचं नंतर बघू. आणि बॉनेटखाली गॅसचा वास आला तर यातला कुठलाच प्रयोग करायचा नाही. इंजिन बंद, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, किटवाल्याला फोन.

आता बॉनेट उघडा. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला. मेट्रोच्या कामांची धूळ खाल्लेल्या गाड्यांत तो पुस्तकात सांगितलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी भरतो.

मग हवेची गळती, म्हणजे माझ्या उंदराचं प्रकरण. गॅरेजच्या भाषेत ‘इंजिन हवा ओढतंय’. इनटेक मॅनिफोल्डला, कार्बोरेटरला किंवा थ्रॉटल बॉडीला जोडलेला प्रत्येक बारीक पाइप बोटांनी वाकवून बघा. टोकांना बारीक भेगा असतात, वरून दिसत नाहीत. इंजिन चालू असताना ‘स्सी’ असा बारीक आवाज येतो का, ते ऐका. फूटभर रबरी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं टोक पाइपांवरून फिरवलं तर नेमकी जागा सापडते. एकेक पाइप चिमट्याने हलकेच दाबून बंद करा. ज्याला दाबल्यावर आयडलिंग सुधारेल तो चोर. कार्बोरेटरच्या बुडाशी गॅस्केट असतं. तिथे इस्त्रीच्या वेळी वापरतो त्या बाटलीने पाण्याचा किंचित फवारा मारा. भेग असेल तर पाणी आत ओढलं जातं आणि इंजिनाचा सूर क्षणभर बदलतो. काही जण याच कामाला कार्बोरेटर क्लीनर किंवा चक्क पेट्रोल वापरतात. शेजारी सायलेन्सरचा लालबुंद तापलेला पाइप असतो. तो मूर्खपणा तुम्ही करू नका, मेकॅनिकलाही करू देऊ नका.

पावसाळ्यात मात्र माझी शोधाशोध ठिणगीपासून सुरू होते. अंधेरी सबवेत साठलेल्या पाण्यातून गाडी काढली आणि दहा मिनिटांनी ती भुरभुरायला लागली, तर कार्बोरेटर खोलायचं कारण नाही. डिस्ट्रिब्यूटरच्या, म्हणजे आपल्या मेकॅनिकांच्या ‘डेल्को’च्या टोपीत ओल गेली असणार. इंजिन बंद करून टोपी उघडा, कोरड्या फडक्याने आतून पुसा. आत काळी रेघ, केसासारखा तडा किंवा हिरवट झालेलं टोक दिसलं तर टोपी आणि रोटर दोन्ही बदला.

वायरी तपासायची उत्तम वेळ रात्रीची. सोसायटीच्या आवारातल्या काळोख्या कोपऱ्यात गाडी लावून बॉनेट उघडा आणि इंजिन चालू असताना लांबून बघा. जुन्या प्लग वायरींवरून निळसर ठिणग्या सापासारख्या सरपटताना दिसतात. दिसल्या की निदान झालं. हात लावू नका. तो करंट हजारो व्होल्टचा असतो. वेसाव्याकडच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाड्यांना हा त्रास लवकर होतो, असं माझं निरीक्षण आहे.

जुन्या मेकॅनिकांची आवडती युक्ती म्हणजे चालू इंजिनावर एकेक प्लग वायर उपटून बघणं. जी काढल्याने आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. कार्बोरेटरच्या, कॅटलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या गाडीवर सराईत हाताने हे एखाद्या क्षणापुरतं करायला हरकत नाही. पण एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या गाडीवर करू नका. न जळलेलं पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतं आणि कॉइललाही फटका बसतो. तिथे इंजिन बंद करून एका इंजेक्टरचं कनेक्टर काढा, पुन्हा चालू करून ऐका, मग पुढचा. निष्कर्ष तोच, नुकसान नाही.

प्लग मात्र स्वतः काढून बघाच, इंजिन पूर्ण थंड असताना. कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा, ते क्रमाने कागदावर मांडून ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे तिथे ठिणगीच पडत नाही. तेलकट काळा म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ, बहुधा हवेची गळती. तीनपैकी एकच वेगळा दिसत असेल तर दुखणं त्या सिलिंडरपुरतं. तिन्ही सारखेच काळे असतील तर कार्बोरेटर किंवा फिल्टर. प्लगची गॅप फीलर गेजने मोजा, आकडा गाडीच्या पुस्तकातला घ्या. बसवताना प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर पाचशेच्या कामाचे पाच हजार होतात.

सर्व्हिसिंगनंतर अचानक थरथर सुरू झाली असेल तर वायरींची अदलाबदल झाली का, हेही बघा. मारुती 800 चा क्रम 1-3-2. चार सिलिंडरच्या बहुतेक छोट्या गाड्यांचा 1-3-4-2.

कार्बोरेटरच्या गाड्या आता कमी उरल्या, पण ज्यांनी जपल्यात ते जीव लावून जपतात. कुर्ला-विद्याविहारच्या प्रीमियर रोडचं नाव ज्या कारखान्यावरून पडलं, तिथे फिएट बनायची, पुढे तीच पद्मिनी झाली. तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक या भागात अजून भेटतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते सांगतात कुठला टॅपेट वाजतोय. पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून गेली. हे कानही एकेक करून निवृत्त होत आहेत. असा माणूस सापडला तर धरून ठेवा. त्याला आयडलिंगचा बारीक जेट साफ करायला सांगा. पण तारेने टोचून नव्हे, हवेच्या झोताने, कारण तारेने भोक मोठं होतं. पाय काढताक्षणी गाडी बंदच पडत असेल तर कार्बोरेटरवरचा सोलनॉइड तपासा: चावी फिरवल्यावर ‘टक्’ आवाज यायला हवा. नाही आला तर आधी त्याची वायर बघा, पुष्कळदा ती नुसती निसटलेली असते. आणि फक्त एसी लावल्यावरच गाडी मान टाकत असेल तर ‘आयडल-अप’ची छोटी डबी नि तिचा पाइप बघा, कॉम्प्रेसरचा भार पडताच थ्रॉटल जरा उचलून धरण्याचं काम तिचं.

एमपीएफआय गाडीत ही कामं कॉम्प्युटर करतो. तिथे पहिला संशयित म्हणजे थ्रॉटल बॉडीतला काळा थर आणि आयडलिंगची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह. दोन्ही साफ करून घ्या. साफसफाईनंतर किंवा बॅटरी काढल्यावर गाडी दोन-चार दिवस वेगळीच वागू शकते. इंजिन तापवून दहा-पंधरा मिनिटं एसीसकट आणि एसीशिवाय उभी चालू ठेवली तर कॉम्प्युटर नवी घडी बसवतो. थंड असताना ठीक आणि तापल्यावर काळा धूर, किंवा याच्या उलट, असं असेल तर इंजिनाचं तापमान मोजणारा सेन्सर बघायला सांगा. स्वस्त असतो आणि पुष्कळ सतावतो. मोबाइलला जोडायचा स्वस्तातला स्कॅनर मागवायच्या आधी गाडीचं वर्ष बघा. असा स्कॅनर ज्या यंत्रणेशी बोलतो त्या ओबीडीची सक्ती आपल्याकडे 2010 पासून टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या गाड्यांत तो लागेलच असं नाही, जुन्या गाडीला कंपनीचाच स्कॅनर लागतो.

एवढं करूनही एक सिलिंडर मेलेलाच असेल तर कॉम्प्रेशन तपासून घ्या. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती, ते विचारा. कमी आलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजलं आणि आकडा चढला तर रिंग गेल्या. नाही चढला तर व्हॉल्व्ह. वर्षानुवर्षं गॅसवर चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची बैठक झिजते, टॅपेटची फट बुजत जाते आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. हे लवकर सापडलं तर नुसत्या टॅपेट सेटिंगवर भागतं, उशिरा सापडलं तर हेड उतरतं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला तर मात्र घाबरून जाऊ नका, आणि दुर्लक्षही करू नका. पावसाळ्यात पोराला शाळेत सोडून परत, एवढंच चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या ओलाव्याचा असू शकतो. कूलंट कमी होत असेल, पांढरा धूर थांबतच नसेल, तर हेड गॅस्केट गेलं समजा आणि गाडी चालवू नका.

जुने सुटे भाग लोक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणतात. काचा, दिवे, दाराच्या मुठी तिथून जरूर आणा. प्लग, प्लग वायरी, डेल्कोची टोपी आणि रबराचं काहीही वापरलेलं घेऊ नका. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. प्लग, वायरी, फिल्टर सगळं एकदम बदलून गाडी सुधारली तर कशाने सुधारली ते कळत नाही, आणि नाही सुधारली तर नव्या भागांतला एखादा खराब निघाला की काय, हाही घोळ वाढतो.

हे सगळं झाल्यावर स्क्रूची पाळी. एमपीएफआय गाडीत थ्रॉटलवरचा सीलबंद स्क्रू असतो, त्याच्या वाटेला जाऊच नका. कार्बोरेटरच्या गाडीत इंजिन इतकं तापू द्या की रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद झाला पाहिजे. एसी, दिवे बंद ठेवा. मेकॅनिककडे फेरे मोजायचं मीटर असेल तर ते लावून पुस्तकातल्या आकड्यावर आणा, मग एसी लावून पुन्हा बघा. आणि हात लावण्याआधी स्क्रूच्या डोक्यावर नि शेजारच्या धातूवर एकाच रेषेत नेलपॉलिशचा एकेक ठिपका द्या. पुढच्या वेळी कुणी ‘रेस वाढवून देऊ का’ म्हणत बॉनेट उघडलं, तर तो किती फिरवतोय ते तुम्हाला उभ्या उभ्या दिसेल.